सरफेस सायन्समधलं पीएचडीचं पहिलं वर्ष : कोर्सवर्क, व्हॅक्यूम आणि बरीच वाट

डिसेंबर २०२३ च्या नेटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मी पुण्यात पीएचडीला लागले. विषय सरफेस आणि इंटरफेस सायन्स. म्हणजे घन पदार्थाचे सगळ्यात वरचे दोन-चार अणुथर, आणि दोन पदार्थ एकमेकांना टेकतात ती सीमा. आमच्याकडे एमएस्सीला या विषयाचं जेमतेम एक युनिट होतं आणि तेही परीक्षेच्या तोंडावर उरकलं गेलं. पहिल्या वर्षात नेमकं काय करायचं असतं, कशाला किती वेळ लागतो, पैसे कधी येतात, हे सांगणारं कुणी मला भेटलं नव्हतं. जून २०२५ मध्ये कोर्सवर्क संपलं, जुलैत कमिटीसमोर पहिलं प्रेझेंटेशन झालं. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते. माझ्यासारखे जे नांदेड, लातूर, परभणीकडून येतात आणि ज्यांनी एमएस्सी होईपर्यंत अल्ट्रा-हाय व्हॅक्यूमचं, म्हणजे आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेलं, यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, त्यांना याचा उपयोग व्हावा.

मुलाखत जून २०२४ मध्ये झाली. पाठांतराचं काही विचारलं नाही. खडू हातात दिला आणि विचारलं, एक घन सेंटिमीटर तांब्याच्या ठोकळ्यात पृष्ठभागावर असलेल्या अणूंचं प्रमाण किती? तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अणू किती असतात ते घ्यायचं, त्याचं घनमूळ काढायचं, सहा बाजू धरायच्या. उत्तर येतं साधारण सत्तर ते पंच्याहत्तर लाखांत एक. पुढचा प्रश्न, हाच ठोकळा पाच नॅनोमीटरचा केला तर? मग जवळपास पाव भाग अणू पृष्ठभागावर येतात. शेवटी विचारलं, "मग पहिल्या ठोकळ्यात पृष्ठभागाला विचारतंय कोण?" मी म्हटलं, गंजायला सुरुवात तिथूनच होते. त्यावर सगळे जरा मोकळे झाले. मुलाखतीची तयारी करताना असे अंदाजाचे हिशेब फळ्यावर करून बघा, उत्तराच्या आकड्यापेक्षा तुम्ही विचार कसा करता ते त्यांना पाहायचं असतं. ज्यांना जेआरएफ नाही त्यांनी हेही लक्षात ठेवा : २०२४ पासून नेटच्या निकालात फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र असा वेगळा वर्ग आला आहे, आणि त्या गुणांची मुदत एकच वर्ष असते. निकाल लागला की अर्ज करायला उशीर करू नका.

१ ऑगस्टला गुरुवारी रुजू झाले. त्याआधीचा महिना कागदपत्रांत गेला. मायग्रेशन सर्टिफिकेट, टीसी, एमएस्सीच्या चारही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, नॉन-क्रीमिलेअर, जात वैधता, एमएस्सीनंतर एक वर्ष मध्ये गेलं होतं म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र, रॅगिंगविरोधी हमीपत्र, वैद्यकीय दाखला. यात वेळखाऊ ठरलं मायग्रेशन, कारण त्यासाठी नांदेडला स्वतः जावं लागलं. नॉन-क्रीमिलेअरची मुदत आधी तपासा. माझी मार्चमध्येच संपली होती हे बरं झालं वेळेत दिसलं. प्रत्येक कागदाचे पाच झेरॉक्स संच साक्षांकित करून एका फाइलमध्ये ठेवले होते, ते वर्षभर पुरले.

पैशांचं आता स्पष्टच लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. ऐकायला छान वाटतं. पण रुजू झाल्याचा अहवाल, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, बँकेचा तपशील हे सगळं जुळून पहिली रक्कम खात्यात जमा व्हायला जानेवारी उजाडला. थकबाकीसकट एकदम आली, पण ऑगस्ट ते डिसेंबर खर्च आपलाच. औंधमध्ये तिघींत मिळून खोली घेतली, माझ्या वाट्याला ७,००० भाडं आणि २०,००० डिपॉझिट. मेसचे ३,५०० वेगळे. बाबांनी आणि मामांनी मिळून ते पाच महिने निभावून नेले. घरून मदत होणं अवघड असेल तर रुजू होण्याआधीच गाइडशी बोला. काही ठिकाणी प्रकल्पातून तात्पुरती सोय होते, पण ती मागावी लागते. आणि हजेरीपत्रक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः नेऊन द्या, ते कुठल्या टेबलावर आहे याची चौकशीही स्वतःच करा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट्स लागतात आणि किमान ५५ टक्के गुण. त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा दोन क्रेडिट्सचा विषय सक्तीचा. आमच्याकडे बाकी रिसर्च मेथडॉलॉजी, पृष्ठभाग विज्ञानाचा मुख्य पेपर आणि व्हॅक्यूम-उपकरणांचा प्रात्यक्षिकासह एक पेपर. आठवड्यात चार दिवस सकाळी तास, दुपारी लॅब.

मुख्य पेपरच्या पहिल्याच तासाला मॅडमनी जो हिशेब करायला लावला, त्यावर पुढचं अख्खं वर्ष उभं होतं. पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दहाचा पंधरावा घात इतके अणू असतात. हवेचा दाब दहाच्या उणे सहाव्या घाताइतका टॉर (टॉर हे दाबाचं एकक) केला, म्हणजे वातावरणाच्या जवळपास एक अब्जांश, तरी उरलेले रेणू इतक्या संख्येने येऊन आदळतात की जो आदळतो तो चिकटला असं धरलं तर दोन-तीन सेकंदांत स्वच्छ पृष्ठभाग पूर्ण झाकला जातो. या दाबाला एका सेकंदात जेवढं येऊन आदळतं, ते मोजायच्या एककाला लँगम्युर म्हणतात, आयर्विंग लँगम्युर यांच्या नावावरून. त्यांना याच विषयासाठी १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दाब आणखी दहा हजार पटींनी खाली नेला की मग कुठे काही तास हाताशी मिळतात. लॅबमध्ये घात वगैरे कुणी बोलत नाही. "मायनस नाइनला आहे", "मायनस टेनमध्ये गेला", एवढंच. माझं पहिलं वर्ष बहुतेक सगळं चेंबर, म्हणजे नमुना ठेवायची ती निर्वात स्टीलची पेटी, मायनस टेनमध्ये नेण्यात आणि तिथे टिकवण्यात गेलं. हे आधी माहीत असतं तर नोव्हेंबरात जी घालमेल झाली ती झाली नसती.

प्रात्यक्षिक सुरू झालं फ्लँज, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या गोल कडा, बंद करण्यापासून. स्टीलच्या दोन फ्लँजच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, त्यांच्यामध्ये तांब्याची चकती बसवायची आणि बोल्ट आवळायचे, म्हणजे ती धार तांब्यात रुतते आणि जोड हवाबंद होतो. चकती एकदाच वापरायची, फ्लँज उघडली की नवी. गाडीच्या चाकाचे नट जसे समोरासमोरचे घेतात तसेच बोल्ट घ्यायचे, आणि एकेक थोडाथोडाच फिरवायचा. लॅबमधले एक दादा शेजारी उभे राहून बोटाने दाखवायचे, "आता हा. आता त्याच्या समोरचा. ताकद नको लावू, फिरू दे." दोन फ्लँजमधली फट सगळीकडून सारखी कमी होते आहे ना हे टॉर्च धरून बघायचं. ग्लव्ह्ज पावडर नसलेले. आत जाणाऱ्या कशालाच उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाच्या ठशातलं तेल महिनोनमहिने वायू सोडत राहतं.

मग बेकिंग. चेंबरच्या भिंतींना चिकटलेलं पाणी नुसत्या पंपाने निघत नाही, फार सावकाश सुटतं. म्हणून पूर्ण चेंबरला हीटिंग टेप गुंडाळायची, जागोजागी तापमान मोजणारे थर्मोकपल लावायचे, वरून ॲल्युमिनियम फॉइलचे थर चढवायचे आणि दीडशे अंशांच्या आत तापमान ठेवून दीड-दोन दिवस भाजत ठेवायचं. व्ह्यूपोर्टच्या काचेजवळ तापमान हळूहळू चढवायचं, मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त नाही. पहिल्या रात्री दाब वाढतो, ते पाहून घाबरायचं नाही, पाणी बाहेर पडतंय. आत उरलेले वायू रेणूंच्या वजनाप्रमाणे वेगळे दाखवणाऱ्या रेसिड्युअल गॅस ॲनालायझरच्या पडद्यावर १८ चा शेंडा (पीक), म्हणजे पाणी, हळूहळू खाली बसतो आणि शेवटी २ चा, हायड्रोजनचा, सगळ्यात उंच उरतो. तो चित्रपट मी रात्री दोन वाजता बसून पाहिलेला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. एक अगदी इथली सूचना : पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर बहुधा गुरुवारी ठेवतात. बेकिंग शुक्रवारी लावा, म्हणजे मधे गुरुवार येत नाही. आणि यूपीएसवर टर्बो पंप किती वेळ तग धरतो हे काकांना, म्हणजे आमच्या तंत्रज्ञांना, आधी विचारून ठेवा.

ऑक्टोबर अखेरीस आमचा दाब मायनस एटवर अडकला तो अडकलाच. पुन्हा बेकिंग केलं, तरी तेच. बरोबरीची मुलं तोवर नमुने मोजून आलेख काढायला लागली होती, माझ्या वहीत फक्त दाबाचे आकडे. दिवाळीला घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "काय शोध लावलास गं?" आणि मला काही बोलता येईना. परत आल्यावर हेलियमने गळती शोधायला सुरुवात केली. ॲनालायझर ४ वर लावायचा आणि बारीक नळीने एकेका जोडावर हेलियम सोडायचा. हेलियम वर चढतो, म्हणून शोध वरून खाली न्यायचा, नाहीतर खालच्या जोडावर सोडलेला वायू वरच्या गळतीतून आत जातो आणि दिशाभूल होते. प्रत्येक जोडानंतर अर्धा मिनिट थांबायचं. तिसऱ्या दिवशी एका जुन्या व्हॉल्व्हजवळ ४ चा आकडा उसळला. व्हॉल्व्हचं सील झिजलं होतं. नवं यायला कोटेशन, खरेदी समिती, ऑर्डर असं सगळं धरून सात आठवडे लागले. या सात आठवड्यांत मॅडमनी मला रिकामं बसू दिलं नाही, आणि खरं तर पृष्ठभाग म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं.

त्यांनी काँटॅक्ट अँगलच्या साध्या यंत्रावर बसवलं. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवायचा, बाजूने फोटो काढायचा, थेंब पृष्ठभागाशी किती अंशांचा कोन करतो ते मोजायचं. काचेची पट्टी यूव्ही-ओझोनमध्ये स्वच्छ करून लगेच मोजली तर थेंब पसरून जवळजवळ सपाट होतो, कोन दहा अंशांच्याही खाली. तीच पट्टी झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोजली, कोन वाढलेला. चौथ्या दिवशी आणखी. काचेला कुणी हात लावला नव्हता. हवेतलीच सेंद्रिय द्रव्यं येऊन बसत होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तू काच मोजते आहेस की काचेवर काय बसलंय ते मोजते आहेस, हे आधी ठरव." त्यानंतर मी कोणताही आलेख पाहिला की आधी हेच विचारते.

त्याच आठवड्यात मी मंडईतून अळूची जुडी आणली आणि पानाचा तुकडा यंत्राखाली धरला. कोन दीडशे अंशांच्या आसपास. थेंब इतका गोल की सुईच्या टोकावरून पानावर उतरतच नव्हता, जरा धक्का लागला की गडगडत निघून जायचा. अळवावरचं पाणी लहानपणापासून ऐकलेलं, ते अंशांत मोजताना फार आनंद झाला. पानावर मेणाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म उंचवटे, त्यांच्यामध्ये हवा अडकते, म्हणून थेंब प्रत्यक्षात पानाला फारच थोडा टेकतो. बोटाने पान घासलं की ते गुण जातात, तेही करून पाहिलं.

याच दिवसांत तासाला ॲग्नेस पॉकेल्स यांच्याबद्दल ऐकलं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या, जन्म १८६२ चा. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, म्हणून घरीच आईवडिलांचं करत त्या भांडी घासायच्या पाण्यावर प्रयोग करायच्या. पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी, त्यावर सरकणारी पट्टी, आणि पाण्यावरची तेलकट साय किती दाबली की पृष्ठताण कसा बदलतो याची मोजणी. जवळपास दहा वर्षं हे चाललं. शेवटी त्यांनी इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, आणि रॅले यांनी ते १८९१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे पाठवून छापवून घेतलं. लँगम्युर यांनी पुढे ज्या तऱ्हेच्या भांड्यावर काम केलं त्याचं मूळ तिथे आहे. माझ्या आईने बारावीनंतर शिकायची इच्छा असून शिक्षण सोडलं. मी तिला हे सगळं त्या रात्री फोनवर सांगितलं.

जानेवारीत व्हॉल्व्ह बसला, बेकिंग झालं, आणि चेंबर मायनस टेनमध्ये गेलं. मग तांब्याचा एकस्फटिक, म्हणजे सगळे अणू एकाच सलग रचनेत असलेला तुकडा. नखाएवढी चकती, किंमत पन्नास हजारांच्या वर, त्यामुळे आधी दोन आठवडे साध्या तांब्याच्या पत्र्यावर सराव. एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आर्गॉन आयनांनी वरचे थर खरवडायचे, मग साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून अणूंना पुन्हा जागेवर बसू द्यायचं, पुन्हा खरवडायचं. पृष्ठभागावर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडून अणूंची रचना ठिपक्यांत दाखवणाऱ्या लीडच्या (एलईईडी) पडद्यावर सुरुवातीला नुसता हिरवट उजेड दिसतो. सहा ठिपक्यांचा नीट षटकोन दिसायला आम्हाला फेब्रुवारी उजाडला. डेव्हिसन आणि जर्मर या अमेरिकी शास्त्रज्ञांनाही १९२५ मध्ये निकेलवर असंच झालं होतं : द्रवरूप हवेची बाटली फुटून नळी तडकली, निकेल गंजलं, ते स्वच्छ करायला तापवलं तेव्हा आत मोठे स्फटिक तयार झाले, आणि त्यातूनच १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनचं तरंगरूप सिद्ध झालं.

एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठभागाचं रसायन ओळखायचं तंत्र, शिकायला सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. ॲल्युमिनियमच्या १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, त्यांची ऊर्जा मोजायची. माहिती येते ती वरच्या पाच-दहा नॅनोमीटरमधूनच. पण शेंड्यांची विभागणी करताना सॉफ्टवेअर कितीही शेंडे घालू देतं आणि कितीही घातले तरी रेष छान जुळते. आमच्या दादांचे नियम लिहून ठेवा : इलेक्ट्रॉन ४एफ कक्षेतला असेल तर जोडीचं प्रमाण ३ ला ४ च, २पी असेल तर १ ला २. दोघांमधलं अंतर ठरलेलं, सोन्यासाठी ३.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. नवा शेंडा घालण्याआधी तो कोणत्या रसायनाचा हे वहीत लिहायचं, लिहिता येत नसेल तर घालायचा नाही. आणि ऊर्जेची मोजपट्टी जुळवायला कार्बनचा शेंडा २८४.८ वर आणून बाकी सगळं सरकवायची जी सर्रास पद्धत आहे तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत, ते वाचल्याशिवाय ती वापरू नका. धातूच्या नमुन्याला सोन्याचा ८४.० चा शेंडा किंवा फर्मी पातळी (धातूत इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्यांची वरची सीमा) हा जास्त भक्कम आधार आहे. एथिक्सच्या पेपरला मी याच गोष्टीवर लिहिलं, कारण सोयीचा शेंडा आणि खोटा शेंडा यांत फार अंतर नाही असं मला वाटतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हे टाळू नका. पिरान्हा द्रावण म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, ते असिटोनच्या जवळपासही न्यायचं नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बाटली उघडण्याआधी पाहायचं. दोन्ही कामं एकट्याने कधीच नाही.

एप्रिलमध्ये दादांबरोबर इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात गेले. तिथे इंडस-२ हे २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवायचं यंत्र, आहे, आणि त्यावर जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांची फोटोइलेक्ट्रॉन बीमलाइन, म्हणजे ते किरण जिथे नमुन्यावर सोडतात ते मोजणीकेंद्र. आपल्या लॅबमधलं यंत्र वरच्या थरात अडतं, तिथले इलेक्ट्रॉन जास्त खोलातून येतात, त्यामुळे पातळ थराखाली गाडलेला इंटरफेस उघड न करता पाहता येतो. आमच्या तांब्याच्या थराखाली ऑक्साइड आहे की नाही हा वाद तिथे मिटला. ऑक्साइड होतं. प्रस्ताव आधी पाठवावा लागतो, प्रवेशासाठी ओळखपत्रांचा तपशील आणि लॅपटॉपची नोंदही आगाऊ करावी लागते. काम चोवीस तास चालतं, पाळ्या वाटून घ्या. रात्रीच्या पाळीत आकडे घेताना नमुन्याचं नाव, वेळ, दाब हे तिन्ही कागदावरही लिहा, नुसत्या फाइलच्या नावावर विसंबू नका.

मेमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल. मुख्य पेपरला ६८, एथिक्सला ७४. जुलैच्या मध्यात रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीसमोर वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन झालं. मला धास्ती होती की वर्षभरात मोजके आलेख आहेत. त्यांनी प्रश्न विचारले ते चेंबरचा दाब किती, नमुना स्वच्छ आहे हे कशावरून, आणि इंदूरच्या मोजणीत थराची जाडी कशी ठरवली, हेच. गळतीची नोंद असलेली वही मी सोबत नेली होती, ती एका सरांनी पानं उलटून पाहिली.

यंदा रुजू होणाऱ्यांनी मधल्या वेळात एक करावं. क्वांटमची पुस्तकं पुन्हा उघडण्याआधी वायूंचा गतिज सिद्धांत नीट करून घ्या, फ्लक्स, सरासरी मुक्त मार्ग, दाबाची एककं आणि त्यांची अदलाबदल. टॉर, मिलिबार आणि पास्कल यांत गोंधळ उडाला तर पहिल्याच आठवड्यात अडचण होते. आणि निकाल लागल्या लागल्या मायग्रेशनचा अर्ज टाका.